समाजमाध्यमांवरील आरोग्यविषयक चुकीची माहिती (महाराष्ट्र)

समाजमाध्यमांवरील आरोग्यविषयक चुकीची माहिती म्हणजे रोग, औषधे, लसी, आहार व उपचार यांविषयी व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब यांसारख्या माध्यमांतून पसरणारा निराधार वा विपर्यस्त मजकूर. त्यात फसवणुकीच्या हेतूने रचलेले संदेश असतात, तसेच काळजीपोटी नातलगांनी पुढे पाठविलेलेही असतात. प्रसार मुख्यतः दुसऱ्या प्रकारामुळे होतो. कोविड-१९ साथीच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने माहितीच्या या पुराला ‘इन्फोडेमिक’ अशी संज्ञा वापरली. मराठीत त्यासाठी ‘माहितीची महासाथ’ असा शब्दप्रयोग आढळतो.

पूर्वपीठिका

साथ आणि अफवा यांचे साहचर्य समाजमाध्यमांहून जुने आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्यास सुरुवात होताच, तेथे माणसे मारून त्यांच्या देहापासून औषध काढले जाते, अशी वदंता पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लसीमुळे वंध्यत्व येते, मृत्यू ओढवतो, असे बोलले जात राहिले. वंध्यत्वाची हीच भीती पुढे पोलिओ, गोवर-रुबेला आणि कोविड या तिन्ही लसींच्या बाबतीत जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा प्रकटली. प्लेगकाळातील सक्ती व घरझडत्या पाहता लोकांचा अविश्वास सर्वस्वी निष्कारण होता, असेही म्हणता येत नाही.

गोवर-रुबेला लसीकरण

महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते १५ वर्षे वयोगटातील तीन कोटींहून अधिक मुलांना लस देण्याचे उद्दिष्ट होते आणि मोहिमेचा मोठा भाग शाळांतून राबविला गेला. लस एका विशिष्ट समाजाची लोकसंख्या घटविण्यासाठी आहे, अशा आशयाच्या ध्वनिफिती व संदेश व्हॉट्सॲपवर फिरल्याने काही शाळांत पालकांनी संमती नाकारली. आरोग्य विभागाने धर्मगुरू, शिक्षक व बालरोगतज्ज्ञ यांच्यामार्फत पालकांशी संवाद साधला. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसर, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. लसीविषयीचा संकोच हे त्यामागील एक कारण होते. मात्र महासाथीच्या काळात नियमित लसीकरणात पडलेला खंड, कुपोषण व दाट वस्ती यांचा वाटाही मोठा असल्याने सारा दोष अफवांवर टाकणे योग्य ठरत नाही.

कोविड-१९ महासाथ

फेब्रुवारी २०२० मध्ये, राज्यात कोविडचा एकही रुग्ण आढळलेला नसताना, ब्रॉयलर कोंबड्यांत कोरोना विषाणू सापडल्याचे संदेश छायाचित्रांसह पसरले. कोंबडीच्या मांसातून हा रोग होतो, यास कोणताही आधार नव्हता. पशुसंवर्धन विभागाने खुलासे केले व सायबर पोलिसांकडे तक्रारही दिली. तोवर मागणी कोसळून पक्ष्यांचा भाव उत्पादनखर्चाच्या पुष्कळ खाली गेला होता. सीमाभागातील बेळगाव जिल्ह्यात गोकाक तालुक्यातील एका व्यावसायिकाने हजारो कोंबड्या जिवंत पुरल्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली. कुक्कुटखाद्याची मागणी घटल्याने मक्याच्या भावालाही झळ बसली. अशा रीतीने एका खोट्या संदेशाचा भार कोंबडी न पाळणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यावरही पडला.

मार्च २०२० मध्ये मुंबईत रात्री हेलिकॉप्टरमधून औषधफवारणी होणार असल्याचा संदेश फिरला. महानगरपालिकेने तो खोटा असल्याचे जाहीर केले. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूच्या वेळी टाळ्या व थाळ्यांच्या कंपनांनी विषाणू नष्ट होतो, असा दावा करण्यात आला आणि पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यपडताळणी विभागाने तो खोडून काढला.

जून २०२१ मध्ये नाशिक येथील एका ज्येष्ठ नागरिकाची चित्रफीत देशभर पोहोचली. लसीची दुसरी मात्रा घेतल्यानंतर नाणी व चमचे अंगाला चिकटू लागल्याचे त्यात दाखविले होते. लसीच्या अर्ध्या मिलिलिटर मात्रेत चुंबकीय गुण निर्माण करील असा कोणताही घटक नसतो. घाम व त्वचेवरील तेलकटपणा यांमुळे गुळगुळीत, हलक्या वस्तू लस न घेतलेल्या व्यक्तीच्या अंगालाही काही काळ चिकटून राहतात आणि त्वचेवर पावडर लावली असता गळून पडतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हा दावा अशास्त्रीय ठरविला. घरच्या घरी करून पाहता येणारी अशी पडताळणी फार थोड्या दाव्यांची होऊ शकते.

छत्रपती संभाजीनगर जिल्हा

नोव्हेंबर २०२१ मध्ये छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचा औरंगाबाद) जिल्हा लसीकरणात राज्यातील ३६ जिल्ह्यांत २६ व्या स्थानी होता; पात्र व्यक्तींपैकी सुमारे ५५ टक्क्यांनीच लस घेतली होती, तर राज्याची सरासरी सुमारे ७४ टक्के होती. जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी किमान एक मात्रा घेतलेल्यांनाच स्वस्त धान्य, पेट्रोल व स्वयंपाकाचा गॅस देण्याचा आदेश काढला. अजिंठा, वेरूळ व बीबी का मकबरा येथील प्रवेशालाही ही अट लागू झाली. त्याच महिन्यात तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांतील संकोच दूर करण्यासाठी अभिनेता सलमान खान याची मदत घेणार असल्याचे सांगितले. शिधा रोखल्याने माणूस केंद्रापर्यंत येतो. लसीविषयीची त्याची शंका मात्र त्याने फिटत नाही.

दुसरी वाट याच जिल्ह्यात, पैठण तालुक्यातील पाचोड येथे, समाजमाध्यमे येण्यापूर्वीपासून चालू होती. डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखालील ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड’ या संस्थेने गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्य शिक्षण, विवाहाचे वय लांबविणे व माता-बाल आरोग्य यांवर काम केले. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. घरोघरी जाऊन, ओळखीच्या तोंडून माहिती देणे हा या कामांचा गाभा होता. पुढे आशा स्वयंसेविकांची योजनाही याच धर्तीवर उभी राहिली. महासाथीत व्हॉट्सॲपवरील शंकांना दारोदारी उत्तरे देण्याचे काम प्रत्यक्षात त्यांच्याच वाट्याला आले.

नियमन

१८९७ चा साथरोग अधिनियम मुंबई इलाख्यातील प्लेगमुळे अस्तित्वात आला. त्याच अधिनियमाखाली १४ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र कोविड-१९ नियम जारी झाले आणि खातरजमा न करता कोविडविषयक माहिती प्रसारित करण्यास मनाई करण्यात आली. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मधुमेह, कर्करोग इत्यादी ठरावीक रोगांवरील उपायांच्या जाहिरातींना प्रतिबंध करतो. कौटुंबिक गटात आलेला ‘मधुमेह मुळापासून घालवा’ हा निनावी संदेश मात्र जाहिरात मानावा की सल्ला, हे ठरविणे अवघड असते.

व्हॉट्सॲपने भारतात जुलै २०१८ मध्ये एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी समाजातील पाच जणांची हत्या झाली होती. ही व अशा इतर घटना त्या निर्णयास कारणीभूत ठरल्या. एप्रिल २०२० मध्ये वारंवार अग्रेषित झालेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असा बदल करण्यात आला. त्यानंतर अशा संदेशांत ७० टक्के घट झाल्याचे कंपनीने सांगितले. संदेशाची नक्कल करून तो नव्याने चिकटविल्यास ही मर्यादा लागू होत नाही.