पेपरच्या आधी पोहोचलेली टीका

उपयोजित संख्याशास्त्राच्या कुठल्याही कार्यशाळेचं आवाहन उघडून बघा. अमुक शब्दांत अॅबस्ट्रॅक्ट पाठवा, अमुक तारखेच्या आत पाठवा. मग समितीतलं कुणीतरी तो वाचून ठरवणार: तुम्हाला भाषणाची वेळ द्यायची, पोस्टरसाठी जागा द्यायची, की नम्र नकाराचा ईमेल. डेटावर पोट असलेल्या माझ्यासारख्या इंजिनियरांना हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विचित्र आहे असं वाटतही नाही. पूर्ण काम न वाचता कामाचा निवाडा करायचा, तोही सारांशावरून!

सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये यावरूनच एक जोरदार भांडण झालं. मजा म्हणजे, संख्याशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकाचा जन्म त्या भांडणातून झाला.

तेव्हा रॉयल सोसायटीची पद्धत अशी होती. पेपर सभेपुढे मांडायचा, त्याचा सारांश 'प्रोसीडिंग्ज'मध्ये छापायचा. पूर्ण पेपर परीक्षकांकडे जाणार आणि पसंत पडलाच तर कित्येक महिन्यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये येणार. म्हणजे मधल्या काळात जगाकडे असायचा तो फक्त सारांश.

१५ नोव्हेंबर १९०० रोजी कार्ल पिअरसनचा असा एक पेपर सभेत आला. प्रश्न साधा होता: एकाच झाडाची दोन पानं एकमेकांसारखी किती असतात? त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अॅश वृक्षाच्या पानांवरच्या पर्णिका मोजल्या होत्या (आपल्या कडुनिंबासारखं संयुक्त पान असतं ते), पॉपीच्या बोंडांवरच्या पट्ट्या मोजल्या होत्या, असं बरंच काही. सहसंबंध सरासरी ०.४ ते ०.५ च्या दरम्यान निघाला. भावाभावांमधला सहसंबंधही साधारण तेवढाच येत होता. पिअरसनचं म्हणणं, हा योगायोग नाही. आनुवंशिकतेचं मूळ या साधर्म्यातच आहे.

पेपरच्या परीक्षकांपैकी एक होता विल्यम बेटसन. हा जीवशास्त्रज्ञ, गणितापासून चार हात लांब राहणारा. त्याने सभेतच टीका केली. पुढे त्याची टीका छापून सदस्यांमध्ये वाटलीही गेली, आणि तेव्हा पिअरसनचा पूर्ण पेपर अजून लोकांच्या हातातही पडला नव्हता! लोकांपुढे होता सारांश आणि त्यावरची सविस्तर टीका. ज्या तक्त्यांवर सगळा युक्तिवाद उभा होता, ते तक्ते छापखान्याच्या वाटेवर होते.

पिअरसन भडकला यात नवल नाही. सभेच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा मित्र, प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन याने त्याला पत्र लिहून विचारलं की आपणच एखादं नियतकालिक काढलं तर फार खर्च येईल का? ऑक्टोबर १९०१ मध्ये 'बायोमेट्रिका'चा पहिला अंक निघाला. सल्लागार होता फ्रान्सिस गॉल्टन. गॉल्टन आणि पिअरसन दोघेही सुप्रजननवादाचे कट्टर पुरस्कर्ते होते, हेही इथे सांगायलाच हवं. आनुवंशिकतेच्या या आकडेमोडीमागे ती वाईट ओढ होतीच.

पण बायोमेट्रिका कुठे कुठे पोचलं बघा. १९१५ मध्ये केंब्रिजचं शिक्षण संपवून कलकत्त्याला निघालेल्या प्रशांतचंद्र महालनोबिसांची बोट युद्धामुळे लांबली. त्या मोकळ्या वेळात एका शिक्षकाने त्यांना बायोमेट्रिकाचे खंड दाखवले. भौतिकशास्त्राचा हा विद्यार्थी अख्खा संच विकत घेऊन बोटीत वाचत आला. पुढे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९३३ मध्ये 'संख्या' हे आपलं स्वतःचं नियतकालिक सुरू झालं.

इथवर ऐकून बेटसन खलनायक वाटेल. पण त्याचा मूळ आक्षेप काय होता? फांदीच्या बुडाशी असलेलं पान आणि शेंड्याचं पान यांतला फरक जागेमुळे पडतो. तो फरक आणि 'आपोआप' पडणारा फरक यांची तुम्ही सरमिसळ केली आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर: तुमच्या डेटात एक कॉलम कमी आहे, पान फांदीवर नेमकं कुठे होतं याचा. हा प्रश्न रास्त होता, आजही रास्त आहे. त्याच्या टीकेत गैर काही असेल तर ती आली ती वेळ.

या गोष्टीला आणखी एक वळण आहे. १९१६ मध्ये रोनाल्ड फिशर नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने रॉयल सोसायटीला पेपर पाठवला. बेटसनच्या बाजूचा मेंडेलवाद आणि पिअरसनचे सहसंबंध एकाच गणितात बसतात, हे त्यात दाखवलं होतं. परीक्षक कोण? एक रेजिनाल्ड पनेट (बारावीतला पनेट चौकोन ज्याच्या नावाचा, तोच) आणि दुसरा खुद्द कार्ल पिअरसन. भांडणातल्या दोन्ही बाजूंचा एकेक माणूस! दोघांपैकी एकानेही पेपर उचलून धरला नाही. फिशरने तो मागे घेतला आणि १९१८ मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीने तो छापला. आपण रोज वापरतो तो 'व्हेरियन्स' हा शब्द संख्याशास्त्रात आला तो त्याच पेपरातून.

परीक्षकाच्या खुर्चीने अन्याय केला म्हणून पिअरसनने स्वतःचं नियतकालिक काढलं, आणि सोळा वर्षांनी त्याच खुर्चीत बसल्यावर त्याला फिशरचं मोल दिसलं नाही. त्यामुळे चांगला परीक्षक मिळाला की प्रश्न सुटेल, यावर माझा फारसा विश्वास नाही. दोन विद्यांच्या सीमेवर केलेलं काम पूर्णपणे तपासू शकेल असा एकच वाचक बहुतेक वेळा नसतोच. गणितवाल्याला पानं कळत नाहीत, पानंवाल्याला गणित. म्हणून अॅबस्ट्रॅक्ट लिहिताना शब्द कमी पडले, तर मॉडेलचं कौतुक आधी कापावं. निकालाचा आकडा ठेवावा आणि पानं कुठून, कशी तोडली हे सांगणारं वाक्य ठेवावं. पुढे बेटसन बसलेला असो की पिअरसन, त्याला निदान नेमका प्रश्न तरी विचारता येईल.