मीटर बंद आहे, कॅमेरा नाही

जुन्या फिल्म कॅमेऱ्याचा मीटर बंद पडला की घरातले लोक कॅमेराच निकामी झाला असे समजतात आणि तो भंगारात जातो. इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही.

सुमारे हजार वर्षांपूर्वी, बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. सूर्यग्रहणात पडणारी कोरीसारखी प्रतिमा त्यांनी तपासली. लॅटिनमध्ये खोलीला 'कॅमेरा' म्हणतात. आपल्या उर्दूतला 'कमरा' त्याच कुळातला, पोर्तुगीजांमार्फत आलेला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रकार होते. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. हा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा. हात मंदावला की फिल्मवर जास्त प्रकाश पडे, वेगात फिरला की कमी. ऊन किती आहे हे डोळ्याने ठरवायचे आणि तेवढाच हात सांभाळायचा. सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला छिद्रे पाडत, ती धुण्याच्या कामात मदत करत आणि चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून ऊन पात्रांवर वळवत. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. पुढे फाळक्यांनी मुक्काम नाशकात हलवला आणि 'लंका दहन'सारखे चित्रपट इथे तयार झाले.

विजेवर प्रकाश मोजणारा वेस्टन कंपनीचा मीटर बाजारात आला तो १९३२ साली. कॅमेऱ्यातच बसवलेला मीटर त्यानंतरचा. म्हणजे पहिल्या पिढीचे हे सगळे काम मीटरशिवाय झाले.

झेनिट-ईसारख्या कॅमेऱ्यात सेलेनियमचा मीटर असतो. त्याला बॅटरी लागत नाही. प्रकाश पडला की सेलेनियममध्येच वीज तयार होते. वय झाले की हा घटक क्षीण होतो आणि काटा हलत नाही. शटर मात्र स्प्रिंगवर चालते, त्याचा मीटरशी संबंध नाही. ज्यांचे शटरच बॅटरीवर चालते, त्या कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी.

मग प्रकाश मोजायचा कसा? सावली पाहून. फिल्म २०० आयएसओची असेल तर शटर १/२५० वर ठेवा. सावलीची कड धारदार असेल तर अपर्चर १६. कड मऊ असेल तर ११. सावली जेमतेम दिसत असेल तर ८. सावलीच पडत नसेल तर ५.६. गोदाघाटावर दुपारच्या उन्हात १६ चालेल. जुन्या नाशकातल्या अरुंद गल्लीत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे ४ पर्यंत उघडावे लागेल. शंका आली तर एक घर जास्त उघडा. रंगीत निगेटिव्ह थोडा जादा प्रकाश पचवते, कमी पडलेला मात्र भरून निघत नाही.

मी शिक्षक आहे, म्हणून मला यात धडाही दिसतो. मोबाइलच्या काळात मुले फोटो भरपूर काढतात, पण ऊन कुठून येते आहे हे त्यांना विचारले तर ती आकाशाकडे पाहायला लागतात. मीटर नसलेला कॅमेरा ही सवय आधीच लावतो: पाहायचे, ठरवायचे, मग बटण दाबायचे. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये घाई परवडत नाही.

अब्बांचा किंवा मामूंचा असा एखादा कॅमेरा कपाटावर पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी शटर दाबून त्याचा आवाज ऐका. शटर उघडत आणि मिटत असेल, तर बाकीचे काम डोळा करील.