शॉटगनची माशी

शॉटगनची माशी म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीच्या नळीच्या टोकावर, वरच्या बाजूस बसवलेला नेम धरण्याचा मणी. परंपरेने हा मणी पितळेचा व वाटाण्याहून लहान असतो. काही बंदुकांत नळीच्या मध्यावर आणखी एक बारीक मणी असतो. रायफलीला मागचे व पुढचे असे दोन नेमबिंदू असतात. साध्या शॉटगनला मागचा बिंदूच नसतो. त्याचे काम नेमबाजाचा डोळा करतो. त्यामुळे बंदुकीचा दस्ता खांद्याला व गालाला नेमका बसणे हे शॉटगनच्या नेमाचे अर्धे शास्त्र आहे. गाल दस्त्यावरून उचलला गेला की डोळा वर जातो आणि छरे लक्ष्याच्या वरून निघून जातात.

माशी बदलण्याची गरज

उडत्या पक्ष्यावर बंदूक झाडताना नेमबाजाची दृष्टी पक्ष्यावर असते, माशीवर नसते. माशीकडे पाहू लागताच बंदुकीची फिरती गती खुंटते व छरे पक्ष्याच्या मागे पडतात. अशा शिकारीत झगझगीत माशी उपयोगापेक्षा अडथळाच अधिक करते. तिथे साधा मणी पुरेसा असतो.

अमेरिकेतील रानटर्कीच्या वसंतातील शिकारीत मात्र स्थिती उलट असते. पक्षी जमिनीवर उभा असतो आणि नेम त्याच्या डोके व मान एवढ्याच भागावर धरावा लागतो, कारण अंगावरच्या दाट पिसांत व छातीच्या मांसात छरे अडकून पक्षी केवळ जखमी होतो व रानात जाऊन मरतो. यासाठी नळीच्या तोंडाशी आवळ चोक लावतात. परंपरागत मोजमापानुसार ‘फुल’ चोकमधून ४० यार्डांवर (सुमारे ३६.५ मीटर) ७० टक्के छरे ३० इंची वर्तुळात पडतात, टर्कीसाठीचे चोक याहूनही आवळ असतात. दहा-पंधरा मीटरवर तर छऱ्यांचा झुबका मुठीएवढाच असतो. थोडक्यात, येथे शॉटगन रायफलीसारखी वापरली जाते, आणि मागचा नेमबिंदू नसण्याची उणीव इथेच जाणवते.

प्रकार

सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे प्रकाशवाहक तंतूची माशी. तिच्यातील रंगीत प्लास्टिकची काडी सभोवतालचा उजेड कडेने शोषून टोकाशी एकवटते, त्यामुळे टोक चमकते. तिला बॅटरी लागत नाही. पण गर्द अंधारात शोषायला उजेडच नसल्याने ती मंदावते. मागे दोन हिरवे व पुढे एक तांबडा ठिपका अशी जोडी घेतल्यास तिन्ही ठिपके एका ओळीत आणावे लागतात, आणि गाल उचलला गेल्याची चूक चाप ओढण्यापूर्वीच दिसते. केवळ पुढची माशी चमकदार केल्याने ही चूक कळत नाही. विक्रेते हा भेद क्वचितच सांगतात. ठिपका फार जाड असल्यास तो दूरच्या पक्ष्याचे डोकेच झाकून टाकतो.

मागे बारीक कडा व मोठे छिद्र असलेली कडी आणि पुढे जाड माशी अशीही एक रचना आहे. तिला ‘घोस्ट रिंग’ म्हणतात. डोळा छिद्राचा मध्य आपोआप शोधतो व कडी धूसर होऊन जवळजवळ दिसेनाशी होते.

‘रेड डॉट’ साधनात काचेवर तांबडा प्रकाशबिंदू दिसतो. डोळा किंचित सरकला तरी नेम फारसा ढळत नाही, हा त्याचा मोठा गुण. बिंदूचा आकार अंशाच्या साठाव्या भागात, म्हणजे मिनिटांत मोजतात. ३ मिनिटांचा बिंदू ४० यार्डांवर सुमारे ३.२ सेंटिमीटर जागा झाकतो, ६ मिनिटांचा त्याच्या दुप्पट. हे साधन नळीपासून उंच बसवल्यास दस्त्यावर गाल टेकवून त्यातून पाहता येत नाही. म्हणून ते शक्य तितके खाली बसवावे किंवा दस्त्याचा वरचा काठ उंचवावा. बारा बोअरच्या काडतुसाचा धक्का जबर असल्याने स्क्रू ढिले होतात. ते चिकटद्रव लावून आवळतात व हंगामापूर्वी पुन्हा तपासतात.

हरणासाठी एकसंध गोळी (स्लग) वापरतात, तेव्हा दुर्बिणीचीही गरज पडते. मध्यपश्चिम अमेरिकेतील काही राज्यांत दाट वस्तीमुळे हरणाच्या शिकारीस रायफलीऐवजी शॉटगनच वापरण्याचा नियम दीर्घकाळ होता. अशा बंदुकीत दुर्बिणीची बैठक नळीलाच जोडलेली असणे चांगले. नळी काढून पुन्हा बसवली तरी नेम टिकतो.

कागदावरील पडताळणी

नवी माशी बसवल्यावर बंदूक कुठे मारते हे गृहीत धरता येत नाही. मोठ्या कागदावर एक खूण करून, बंदूक टेकवून, शिकारीत वापरायच्याच काडतुसाने व चोकने झाडतात आणि छऱ्यांच्या झुबक्याचा मध्य खुणेपासून किती दूर आहे ते मोजतात. एका बारावरून निष्कर्ष काढू नये; तीन तरी हवेत. मागचा नेमबिंदू मार ज्या दिशेला न्यायचा त्याच दिशेला सरकवतात, पुढची माशी उलट दिशेला. ३६ मीटरवर चूक २० सेंटिमीटर असेल आणि दोन बिंदूंमधील अंतर ४५ सेंटिमीटर असेल, तर सरकवायचे अंतर २० × ४५ ÷ ३६०० म्हणजे ०.२५ सेंटिमीटर, अर्थात अडीच मिलिमीटर. काडतूस किंवा चोक बदलल्यास ही कसोटी नव्याने घ्यावी लागते.

नेमसाधनातून पाहून लक्ष्य ओळखणे धोक्याचे आहे, कारण त्या क्षणी नळीही तिकडेच रोखलेली असते. टर्कीचे शिकारी रानाशी मिळत्याजुळत्या वेशात मादीचा आवाज काढत बसतात. नराच्या डोक्यावर तांबडा, पांढरा व निळा रंग असल्याने त्या रंगांचे कपडेही टाळले जातात. ओळख पटवण्यासाठी वेगळी दुर्बीण वापरतात.

भारतातील स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात वन्यप्राण्यांच्या हौशी शिकारीस मनाई आहे, आणि बंदूक बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. येथे शॉटगनचा क्रीडावापर ट्रॅप व स्कीट या, मातीच्या उडत्या तबकड्यांवरील स्पर्धांत होतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यांत लक्ष्य मोठे करून दाखवणारी साधने चालत नाहीत. तिथे आजही साधी माशीच वापरात आहे.