जावळीचं घराणं, विजयदुर्गचा वाडा

आजची गोष्ट समुद्रावरची आहे. आता म्हणाल, सांगली-साताऱ्यात बसून समुद्र कुठला? पण ही गोष्ट सुरूच होते साताऱ्यातल्या जावळीत.

१६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, हे शाळेत शिकलोच आहोत. धुळप घराण्याची परंपरा सांगते, की ते मूळचे याच मोऱ्यांपैकी. म्हणजे पक्के डोंगरातले लोक. मग ते दर्यावर कसे पोचले?

बरोबर शंभर वर्षं पुढे या. फेब्रुवारी १७५६. पेशवे आणि इंग्रज एकत्र येऊन तुळाजी आंग्रेंवर चालून गेले. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्रेंची गलबतं जळून खाक झाली. किल्ला त्याच वर्षी इंग्रजांकडून पेशव्यांकडे आला, पण मराठ्यांचं सगळ्यात दमदार आरमार आपल्याच हातानं बुडालं होतं. ते पुन्हा उभं करायचं काम ज्यांच्या वाट्याला आलं, त्यात मोठं नाव आनंदराव धुळप यांचं. पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार!

८ एप्रिल १७८३ ला त्यांच्या गलबतांनी इंग्रजांचं 'रेंजर' हे लढाऊ जहाज गाठलं. टिपूविरुद्धच्या लढाईवर निघालेले मोठे लष्करी अधिकारी त्यावर होते. मोठी चकमक झाली, काही अधिकारी जिवानिशी गेले आणि रेंजर विजयदुर्गाला आणलं गेलं. गंमत बघा, मराठे आणि इंग्रजांचा सालबाईचा तह १७८२ मध्येच झाला होता. त्यामुळे पुढे जहाज सोडून द्यावं लागलं.

या आनंदरावांच्या घराण्याचा वाडा विजयदुर्ग गावात आजही आहे. भिंतींवर जुनी चित्रं आहेत. किल्ला बघायला गाड्या भरून लोक जातात. वाड्याकडे वळणारे मात्र थोडे.

आता जरा मेलबर्नला जाऊ. तिथं एका बागेत कॅप्टन जेम्स कुकच्या आईवडिलांचं घर आहे. मूळ घर इंग्लंडमधलं, १७५५ च्या सुमाराचं. १९३४ मध्ये ते वीट न् वीट सुटं करून, २५३ खोक्यांत आणि ४० पिंपांत भरून जहाजानं ऑस्ट्रेलियाला नेलं आणि पुन्हा जोडलं. कुक स्वतः त्यात राहिला होता की नाही, याचीही खात्री नाही! तरी लोक तिकीट काढून बघतात.

आपल्याकडे घर जागेवर आहे, ज्या खाडीतून गलबतं निघायची ती खाडी शेजारी आहे. कमी आहे ती फक्त माहितीची. इंग्रजांनी कोकणच्या दर्यावर्दींना चाचे म्हटलं आणि ते नाव बरीच वर्षं पुस्तकांतून फिरत राहिलं. पण चाच्यांना पेशव्यांची सुभेदारी मिळत नाही, मंडळी. एवढा फरक समजायला असं एखादं घर पुरतं.

सांगलीहून कोल्हापूर, गगनबावड्याचा घाट, तळेरे आणि मग विजयदुर्ग. गेलात तर किल्ल्याबरोबर वाड्याचीही चौकशी करा. फक्त लक्षात ठेवा, ते म्युझियम नाही, एका घराण्याचं घर आहे. आधी विचारा, मगच आत पाऊल टाका. आणि मोबाईल खिशातून काढायच्या आधीही विचारा.

भेटूया पुढच्या भागात!