अम्मीचं काम कोणत्या रकान्यात?

परवा सर्वेक्षणाला आलेल्या मुलीने अम्मीला विचारलं, "काकी, काम करता?" अम्मी म्हणाली, "नाही गं, घरीच असते." तेव्हा तिच्या हातात चिमटा होता आणि समोरच्या ताटात खोट्या दागिन्यांचे खडे.

आमचे अब्बा मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. अब्बा पुन्हा कामावर गेलेच नाहीत. पुढे १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं मीरा रोडला आली, त्यांत आम्हीही आलो.

मीरा-भाईंदर तेव्हा मिठागरांचं आणि स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचं गाव होतं. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महापालिका. १९९१ला पावणेदोन लाख असलेली वस्ती २०११च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. एवढ्या माणसांना गिरणीसारखी हजेरी, बोनस आणि प्रॉव्हिडंट फंड असलेली नोकरी कुठून मिळणार? अब्बा रिक्षा चालवू लागले. अम्मीने दागिन्यांचा माल घरी आणला. मजुरी ग्रोसवर, म्हणजे १४४ नगांवर. एखादा खडा निसटला की पैसे कापले जायचे. दर कधी वाढवायचा, हे माल देणाराच ठरवायचा. आमच्या शाळेची फी मात्र त्यातूनच गेली.

सच्चर समितीने २००६ साली नोंदवलं की १५ ते ६४ वयोगटातल्या देशभरच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के काम करतात, मुस्लिम स्त्रियांपैकी मात्र फक्त २५ टक्के. हा आकडा दाखवून आमच्या बायकांना घरात कोंडलेलं ठरवणं सोपं आहे. बंधनं आहेत, ती मी नाकारत नाही. पण अम्मीसारखी बाई "नाही" म्हणते, आणि घरकामाच्या रकान्यात जाते. "हो" म्हणाली असती तर "स्वयंरोजगार" लिहिलं गेलं असतं. माल दुसऱ्याचा, दर दुसऱ्याचा, मग स्वयं काय उरलं?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली अशा घरकामगारांसाठी करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २००८च्या असंघटित कामगार कायद्यात त्यांचा उल्लेख होता, पण ज्याची नोंदच नाही, त्याच्यापर्यंत कायदा पोहोचणार कसा?

अब्बांचा संप हरला, तरी तो इतिहासात आहे. अम्मीला संप करायला कारखान्याचं फाटकच नव्हतं.

मी त्या मुलीला जिन्यात गाठून म्हटलं, "ताई, पुन्हा वर या. उत्तर चुकलंय."