मुंबईचा प्लेग : उपाय आणि अपाय

घरात उंदीर मरून पडला की सामानसुमान घेऊन माळावर झोपडीत राहावयास जावयाचे, ही प्लेगच्या वर्षांतील रीत ज्ञातिबांधवांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. सरकारी उपायांचा रोख मात्र प्रथमपासून घाणीवर व रोगी माणसावर होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यास सक्तीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम काढला. गटारांतून पाणी व कार्बोलिक सोडण्यात आले, भिंतींना चुना फासला, घरांत उजेड यावा म्हणून कौले काढली. स्वच्छता वाईट असे कोण म्हणेल? परंतु इस्पितळात गेलेला परत येत नाही, अशी लोकांची खात्री झाली आणि रोगी लपविले जाऊ लागले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेव्हा हुकूम सैल झाला. सफाई कामगार पळाले तर शहरात राहणेच अशक्य होईल, अशी स्नोसाहेबांस धास्ती होती. शहाणपण आले ते या धास्तीपोटी, वैद्यकामुळे नव्हे!

पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला व सक्ती पुन्हा आली. पुण्यात सोल्जर घरांत शिरले. २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. मुंबईत मात्र जनरल गेटेकर यांच्या प्लेग समितीने निरनिराळ्या ज्ञातींस स्वतःची इस्पितळे काढू दिली. तेथे आप्त जवळ असत, अन्नपाणी आपल्या माणसांच्या हातचे मिळे. यात सोवळ्याओवळ्याचाही भाग होता, हे आम्ही नाकारीत नाही.

शाळेत आम्ही रँडवधाचा धडा शिकवून पुढे जात असू. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, एवढा बंदोबस्त होऊनही प्लेग का हटला नाही?" आम्हांस उत्तर देता आले नाही. उत्तर नंतर वाचनात आले. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पसरविते, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. ते सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षे गेली, आणि तोवर चुना फासणे चालूच राहिले.