उपाहारगृहांची नोंदणी व दर्जानिश्चिती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची स्थापना झाली आणि भोपाळ हे राजधानीचे शहर बनले. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कार्यालयांतून अनेक कर्मचारी कुटुंबे येथे आली. त्यांत मराठी भाषकही होते. अरेरा कॉलनी ही या नव्या राजधानीची वसाहत होय. जुन्या भोपाळच्या मोहल्ल्यांत कोणाच्या हातचे कबाब खावेत, हे घराघरांत ठाऊक असे. दुकानदाराची अब्रू हाच त्याचा दाखला होता. बदलीवर आलेल्यांच्या वसाहतीत हा दाखला पुरत नाही. बिट्टन मार्केट किंवा दस नंबर मार्केटमध्ये जेवणारा ग्राहक आचाऱ्याला ओळखत नाही व त्याचे स्वयंपाकघरही पाहत नाही. मग शासनाने उपाहारगृहांची नोंद ठेवून त्यांचा दर्जा ठरवावा काय? हा प्रश्न नवा वाटला तरी त्याचा इतिहास जुना आहे.

हिस्बाची परंपरा

इस्लामी शहरांत बाजाराच्या देखरेखीसाठी मुहतसिब हा अधिकारी असे. बाराव्या शतकात सीरियातील शैझरी याने मुहतसिबांसाठी लिहिलेल्या ग्रंथात खाद्यविक्रेत्यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. आचाऱ्यांनी भांडी गरम पाण्याने धुवावीत व माशांपासून झाकून ठेवावीत, असे तो सांगतो. रात्रभर शिजणाऱ्या हरीसाच्या हंड्यांतून मांस काढले जाऊ नये म्हणून त्यांवर मुहतसिबाची मोहोर लावण्याचीही तरतूद त्यात आहे. त्याच्याही आधी मावर्दी (मृत्यू १०५८) याने या अधिकाराची मर्यादा सांगितली होती. मुहतसिबाने उघड दिसणारा गैरप्रकार रोखावा. लोकांच्या खासगी आयुष्याची टेहळणी करू नये.

हिंदुस्थानात अलाउद्दीन खिलजीच्या बाजारव्यवस्थेचे वर्णन झियाउद्दीन बरनी याने केले आहे. सुलतान लहान गुलाम मुलांना पैसे देऊन रोटी, हलवा आदी पदार्थ आणावयास पाठवी आणि वजन तपासून घेई. कमी वजन देणाऱ्यास क्रूर शिक्षा होत असे. मात्र १३१६ मध्ये सुलतानाचे निधन झाले आणि ही व्यवस्था टिकली नाही. दहशतीवर उभी असलेली तपासणी राज्यकर्त्याबरोबर संपली. पुढे १६५९ मध्ये औरंगजेबाने नेमलेल्या मुहतसिबाचे मुख्य काम मद्य, भांग व जुगार रोखणे हे होते. अर्थात, एकच पद मापे तपासण्यासाठीही वापरता येते आणि माणसांचे आचरण तपासण्यासाठीही, हा धडा येथे मिळतो.

आधुनिक कायदे

स्वतंत्र भारतात अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये झाला व १ जून १९५५ पासून अमलात आला. त्याचा भर नमुने घेऊन भेसळ सिद्ध करण्यावर होता. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने परवाना व नोंदणीची देशव्यापी चौकट दिली. २०११ च्या नियमांत वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान व्यावसायिकांसाठी साधी नोंदणी ठेवण्यात आली. म्हणजे नोंदणीचा प्रश्न कायद्याने सोडविला, दर्जानिश्चितीचा नाही. केंद्रीय अन्न प्राधिकरणाने स्वच्छता-मानांकनाची योजना आणली, पण ती ऐच्छिक स्वरूपाची. ज्याचे स्वयंपाकघर अस्वच्छ आहे, तो स्वतःहून गुण मागावयास येत नाही, हे उघड आहे. न्यूयॉर्क शहराने २०१० पासून अक्षरश्रेणी दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. वेल्समध्ये २०१३ पासून तसाच कायदा आहे.

दर्शनी फलकाचा दुसरा धोकाही लक्षात घ्यावा लागेल. जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांनी मालकांची नावे लावावीत, असे आदेश उत्तर प्रदेश व उत्तराखंडात निघाले. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचे अन्न मिळते ते सांगण्यास सांगता येईल, पण नावे लावण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ग्राहकाला हंडीची माहिती हवी. आचाऱ्याच्या वंशावळीची नव्हे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की नोंदणी सर्वांना सक्तीची असावी आणि दर्जा दारावर लावणेही सक्तीचे असावे. परंतु निकष पाणी, साठवण, भांडी व कामगारांची स्वच्छता यांपुरतेच असावेत आणि ते आधी जाहीर व्हावेत. कमी गुण मिळालेल्यास ठरावीक मुदतीत फेरतपासणीचा हक्क हवा. हातगाडीवाल्यास कागदपत्रांच्या खर्चाने बाजारातून घालवू नये. इंदूरच्या छप्पन दुकानसारख्या खाद्यबाजाराचे एकत्रित मूल्यमापन करून ‘स्वच्छ स्ट्रीट फूड हब’ हा दर्जा देण्यात आला. लहान विक्रेत्यांसाठी हा मार्ग अनुकरणीय आहे. शैझरीची मोहोर हंडीवर होती, माणसावर नव्हती. अरेरा कॉलनीतील उपाहारगृहाच्या दारावरील फलकानेही हीच मर्यादा पाळली, तर अनोळखी शहरात जेवणाऱ्याला विश्वासाचा नवा दाखला मिळेल.